चिलटाची मिशी

परवा संध्याकाळी माझ्या चहात या वर्षीचं पहिलं चिलट पडलं. बोटाच्या टोकानं ते काढलं आणि चहा पिऊन टाकला. ग्वाल्हेरला बिर्लानगरच्या गिरणी-लाइनीत राहणाऱ्यानं चिलट पडलं म्हणून चहा ओतून द्यायचा ठरवला, तर भाद्रपद-आश्विनात त्याच्या वाट्याला चहाच येणार नाही. पण कप खाली ठेवताना माझं लक्ष समोर गेलं आणि हात तसाच राहिला. समोर ओट्यावर अण्णा, माझे वडील, त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते आणि चेहऱ्यापुढून हात फिरवत होते. एकदा, मग पुन्हा एकदा. या दिवसांत सगळेच फिरवतात तसा, त्यात विशेष काही नव्हतं.

मी मात्र तो हात किती वेळा फिरतो ते मोजत बसले. गेल्या वर्षी याच दिवसांत, याच ओट्यावर, त्या हातानं आम्हाला पुरतं फसवलं होतं आणि अण्णांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली होती. उजवा डोळा राहिलाय. तो राहावा, एवढं एकच मागणं सध्या या घरात आहे, आणि त्यामुळे यंदाची चिलटं मला नुसती चिलटं वाटत नाहीत.

तशी ती दरसाल येतात. पाऊस ओसरला, नाल्याचं पाणी उतरून काठाचा गाळ उघडा पडला, की चार-आठ दिवसांत दिवेलागणीला हवेत काहीतरी हलायला लागतं. आमचे हिंदी बोलणारे शेजारी त्यांना भुनगे म्हणतात, आम्ही चिलटं म्हणतो. चावून घेतल्यावर अंग खाजवतो मात्र दोघंही सारखंच. डास निदान कानाशी गाणं म्हणत येतो, माणसाला सावध करतो. चिलट काही न बोलता येतं. मच्छरदाणीच्या भोकातून अगदी अदबीनं आत शिरतं. त्याचा आकार बघता त्याला तोंड असेल यावर विश्वास बसत नाही, पण थोड्या वेळानं मनगटावर एक लाल ठिपका उठतो आणि दोन दिवस जात नाही. या दिवसांत स्कूटरवरून मुरारला शाळेत जाताना मी तोंड घट्ट मिटून जाते. वर्गात शिरले की मुली सांगतात, मॅडम, भुवईवर एक आहे. कोण कुठं चावून घेऊन आलं याची चौकशी झाल्याशिवाय पहिला तास सुरू होत नाही.

मी त्या मुलींना इंग्रजी शिकवते. एकदा अकरावीला वाक्प्रचार शिकवताना माझ्या लक्षात आलं की इंग्रजांनी या एवढ्याशा जिवाला भाषेत किती कामाला लावलंय. ज्याचं मन कशातच टिकत नाही त्याचं लक्ष चिलटाइतकं. ज्याच्या डोक्यात सांगितलेलं शिरत नाही त्याचा मेंदू चिलटाचा. एक गाडी दुसरीला घासता घासता वाचली, तर मधे अंतर उरलं चिलटाच्या मिशीएवढं. कुणी मिशी म्हणतं, कुणी पापणी, कुणी भुवई. अमेरिकेत तर चावऱ्या चिलटांचं बोलीतलं नावच 'नो-सी-अम' आहे, म्हणजे जी दिसतच नाहीत ती.

मला यात कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याला लहानात लहान काही सांगायचं असलं तर आपण तीळ आणतो, मोहरी आणतो, फार तर नख नाहीतर केस. आपली लहान मापं स्वयंपाकघरातली किंवा अंगावरची. इंग्रज मात्र उठून थेट चिलटाच्या तोंडाजवळ गेला. पहिल्यांदा कोण गेलं असेल? ज्याला ते चावलं त्याला त्याची मिशी निरखायची सवड कशी मिळाली? वर्गात हे विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की मारल्यावर बघितली असेल, जिवंतपणी कोण थांबून दाखवतंय. वर्ग हसला, मीही हसले. त्यांना मी हे सांगितलं नाही की चिलटाची मिशी मी इंग्रजीची एबीसीडी शिकण्याच्या आधीपासून ओळखते. आमच्या घरात ते रोजच्या वापरातलं माप होतं.

अण्णा गिरणीत जॉबर होते. विणकर माग चालवतो आणि जॉबर माग चालण्याजोगा ठेवतो. बिघडलेला भाग सोडवायचा, सरकलेला जागेवर आणायचा, हे त्याचं काम. अण्णांना हाताखाली घेणारे वीव्हिंग मास्टर स्वतः एका इंग्रज फिटरकडे शिकलेले. त्या फिटरकडून हे माप आलं. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. सुताखाली कागदाची जाडी. आणि कागदाच्याही खाली, जिथं फूटपट्टीचं काम संपतं आणि फक्त बोटाला कळतं, तिथं चिलटाची मिशी. मास्टरांनी ती हिंदीत आणली आणि अण्णांनी जेवणाच्या डब्याबरोबर घरी, मराठीत.

गिरणीत हे माप गमतीचं नव्हतं. मागावर धोटा आडवा धागा घेऊन एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत जातो आणि परत येतो, मिनिटाला शंभरावर खेपा. लाकडाचा धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. पेटी जराशी जरी सरकलेली असली तरी तो वाट सोडून उडतो आणि उडाला की सरळ माणसाच्या तोंडावर जातो. अण्णा कामाला लागले तेव्हा एका डोळ्याचे म्हातारे विणकर लाइनीत बरेच होते म्हणे. अण्णा स्वतःबद्दल फारसं बोलणारे नाहीत. पण एक वाक्य मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलेय, आणि ते सांगताना त्यांची मान किंचित ताठ होते: 'माझ्या मागांवर कुणाचा डोळा गेला नाही.'

चिलटाला खरोखर मिशी असते का, हे मी दहा वर्षांची असताना त्यांना विचारलं. रविवार होता, दुपारची उन्हं कलली होती. अण्णांनी हो-नाही काहीच केलं नाही. उठले, बोटाचं टोक जिभेला लावलं आणि भिंतीवर बसलेलं एक चिलट त्या ओल्या बोटानं अलगद उचललं. ही जॉबरची रीत. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांत कापसाचं तूस अडकतं, ते चिमटीनं ओढलं तर धागा तुटतो, म्हणून ओल्या बोटानं टिपून घ्यायचं. चिलट त्यांनी कागदावर ठेवलं आणि वर गिरणीतलं घडीचं पितळी भिंग मांडलं. त्या भिंगाला खाली एक इंचाची चौकट असते. कापडावर ठेवून इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. मी डोळा लावला. धाग्यांच्या जागी एक प्राणी होता, आणि त्याच्या डोक्यावर दोन पिसं होती, झुपकेदार, कुणीतरी विंचरून बसवल्यासारखी. मी ओरडलेच की आहे, मिशी आहे.

मग मला छंदच लागला. दोन दिवसांत मी सात-आठ चिलटं भिंगाखाली घातली. भिंतीवरून टिपलेल्यांना मिश्या होत्या. माझ्या हातावर चावताना मेलेल्यांना नव्हत्या, नुसते दोन उघडे दोरे. याचा उलगडा पुढं एका पुस्तकात झाला. चावते ती मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. नराला मिशी असते, तो फुलातल्या रसावर जगतो आणि संध्याकाळी आपल्या भाईबंदांबरोबर हवेत खांबासारखा थवा करून नाचतो. म्हणजे ज्याच्या मिशीवरून इंग्रजांनी माप ठरवलं तो बिचारा कुणाला चावतच नाही. हे मी मोठ्या ज्ञानानं घरी सांगितलं तेव्हा आई आतून म्हणाली की घरोघरी असंच असतं, मिशी एकाची आणि काम दुसरीचं.

आईनंच ते माप सगळ्यात जास्त वापरलं. आमटीत मीठ मिशीभर कमी असायचं. माझ्या वेणीचा भांग मिशीभर उजवीकडे जायचा. मोदकाची कळी दोन मिश्या उंच हवी होती. भिंतीवर काही टांगायचं झालं की मी स्टुलावर, आई खाली हातोडी घेऊन, आणि अण्णा दाराशी एक डोळा मिटून उभे. एक मिशी वर. बस. अर्धी खाली. अण्णांनी बस म्हटलं की ते सरळ झालं, पुन्हा कुणी बघायचं नाही. गोरखीच्या शाळेत असताना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सरांनी मला विचारलं होतं की या उपकरणानं कमीत कमी किती मोजता येतं, आणि मी गांगरून जाऊन सांगितलं होतं, चिलटाची एक मिशी. सर इतके हसले की पुढचा प्रश्न विचारायचा विसरले.

हे सगळं आता आठवताना बरं वाटतं. पण या मापावरच्या विश्वासानंच आम्ही गेल्या वर्षी तोंडावर आपटलो, तेही सांगायला हवं.

आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी आणि माझी मुलगी ऋचा अण्णांजवळ राहतो. ऋचाचे बाबा नोकरीनिमित्त इंदूरला असतात आणि सुट्टीला येतात. ओट्यावरून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर आईचा फोटो आहे. गेल्या वर्षी गणपती उठले आणि दोन-तीन दिवसांनी अण्णा म्हणाले की फोटो तिरछा झालाय, डावी कड मिशीभर खाली गेलीय. मी स्टुलावर चढून ती वर केली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा चढले. तिसऱ्या वेळी ऋचानं मोबाइल आणला. त्यात सरळ-तिरपं दाखवायची सोय असते. तो तिनं चौकटीवर टेकवला आणि मला म्हणाली, 'आई, बघ ना, तूच तिरछा केलायस. पहले सीधा ही था.'

मी तिला काय म्हणाले ते मला स्वच्छ आठवतं. म्हणाले, मोबाइलला काय कळतंय. आजोबांच्या डोळ्यासमोर मशिनं सरळ व्हायची.

आणि मी फोटो आणखी एक मिशी तिरपा केला. मग अण्णा म्हणू लागले की तो नुसता तिरपा नाही, त्याची कडच वाकलीय. मला वाटलं पावसाच्या ओलीनं लाकूड फुगलं असेल. मी तो लष्कर भागातल्या बाजारात एका चौकटवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं चौकट काचेवर पालथी ठेवून दाखवली, चारही कोपरे टेकत होते. तरी मी त्याच्याशी हुज्जत घालून नवी चौकट करून आणली. घरी आल्यावर अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, चौकट जाऊ दे, पण तिचा चेहरा असा ओढल्यासारखा का दिसतोय. मला भरून आलं. मी समजले की त्यांना आईची आठवण येतेय.

आणि याच दिवसांत ते हात फिरवत होते. चेहऱ्यापुढून, डाव्या बाजूनं. फार चिलटं झालीत यंदा, म्हणायचे. फार झालीच होती. मी रोज संध्याकाळी गोवरीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर करायचे, आम्ही तिघं ओट्यावर बसायचो आणि तिघंही हात फिरवायचो. त्या तीन हातांतला एक हात हवेत नसलेल्या गोष्टींवर फिरतोय हे कसं कळणार होतं? हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारतेय, आणि दर वेळी उत्तर येतं की कळायला हवं होतं. अण्णांना शुगर आहे, वीस वर्षं झाली. डोळे दरवर्षी तपासून घ्या असं कागदावर लिहून दिलेलं होतं. पण ज्याच्या डोळ्यानं सगळं घर मोजलं जातं त्याचे डोळे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी भिंती तपासत राहिले.

दिवाळी झाली, थंडी पडली. ग्वाल्हेरची थंडी एकदा पडली की चिलटं एका रात्रीत आवरतात. तुळशीच्या लग्नानंतरची एक सकाळ होती, स्वच्छ ऊन, अंगणात सडा वाळत होता. अण्णा खुर्चीत बसून उन्हाकडे बघत होते. मला म्हणाले, आताशा धूर का करत नाहीस. मी म्हटलं, चिलटं गेली ना अण्णा. ते म्हणाले, 'गेली कुठं? ही काय.' आणि त्यांनी मोकळ्या हवेत बोट दाखवलं.

मी बघितलं. तिथं ऊन होतं आणि पलीकडे वाळत घातलेली ऋचाची ओढणी होती. अण्णा हात फिरवत होते आणि ऊन तसंच होतं.

दुपारी आम्ही लष्करात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो. त्या बाई शांत स्वभावाच्या, माझ्याहून लहान. भुनगे किती दिवसांपासून दिसतायत, विचारलं. अण्णांनी बोटांवर मोजून दोन महिने सांगितले. बाईंनी एक कार्ड त्यांच्यासमोर धरलं. पांढऱ्यावर काळ्या रेघांचे बारीक चौकोन, मधोमध एक ठिपका. अण्णांचा चेहरा खुलला, ओळखीचं काही दिसलं तसा. गिरणीत कापडाची नक्षी आधी अशाच चौकोनी कागदावर काढत. बाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि काय दिसतं ते विचारलं. अण्णा म्हणाले, 'ये कागज ठीक नहीं है, डॉक्टर साहब. बीच के ताने ढीले पड़ गए हैं.'

बाईंनी हात बदलला, डावा डोळा झाकला. अण्णांनी हात पुढं करून स्वतःच तो एकदा उघडला, एकदा झाकला. पुन्हा उघडला. दोषाचं मूळ शोधताना जॉबर एकेक भाग बंद करून बघतो तसं. शेवटी माझ्याकडे वळले.

'कागद सीधा आहे गं,' म्हणाले. 'मीच तिरछा झालोय.'

डोळ्याच्या पडद्यासमोर रक्त उतरलं होतं आणि पडद्याचा मधला भाग सुजला होता. रक्ताचे ते थेंब म्हणजे अण्णांची चिलटं. डॉक्टरांच्या जुन्या लॅटिन भाषेतही त्यांना उडत्या माश्या असंच नाव आहे, हे मी नंतर वाचलं. म्हणजे हा घोटाळा माणसं शेकडो वर्षं करत आली आहेत. वाचून मला दिलासा मिळायला हवा होता, मिळाला नाही. महिना-दीड महिना आधी आलो असतो तर डावा डोळा पुष्कळसा वाचला असता, असं बाईंनी सांगितलं, दोष देण्यासाठी नाही, मी विचारलं म्हणून. आता डाव्यानं कडेचं दिसतं, मधलं नाही. उजव्यातही सुरुवात झाली होती, ती लेझरनं आणि इंजेक्शनांनी थोपवली. डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं म्हणजे चिलट चावण्याएवढं दुखेल, असं बाईंनी आधी समजावलं होतं. उडत्या धोट्यासमोर आयुष्य काढलेल्या माणसानं त्या वेळी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. बाहेर आल्यावर म्हणाले की बाईंना बिर्लानगरचं चिलट कधी चावलेलं दिसत नाही.

पहिल्या तपासणीच्या त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा अण्णा दाराशी थांबले. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्यानं आईच्या फोटोकडे बघितलं. फोटो चांगलाच तिरपा होता, मी मिशी मिशी करून केलेला. मला वाटलं ते रागावतील, निदान काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, स्टूल आण. मी चढले. दोन मिश्या खाली, डावीकडे. आणखी एक. ऋचा मोबाइल घेऊन शेजारी उभी राहिली. अण्णा बस म्हणाले आणि ऋचा म्हणाली, 'झीरो, आजोबा.' मी खाली उतरले. आई सरळ बघत होती.

नंतर हिवाळ्यात अण्णांनी माझ्याशी एक करार केला. समोर काही हलताना दिसलं की ते विचारणार, आहे का? आणि मी बघून खरं ते सांगायचं. त्यांना बरं वाटावं म्हणून आहे म्हणायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की विणकरानं मागाचा आवाज बदललेला जॉबरला सांगितला नाही, तर धोटा उडतोच. मी कबूल झाले. डोळ्यातली चिलटं कशी असतात हेही मी त्यांना विचारून घेतलं, कारण मला भीती वाटत होती तरी कुतूहल काही जात नव्हतं. त्यांनी सांगितलं की खरं चिलट आपल्याकडे येतं. हे आपण बघू त्या बाजूला पुढं पुढं पळतं, आणि नजर थांबली की हळूहळू खाली बसतं, पाण्यात गाळ बसतो तसं. सांगताना त्यांचा स्वर एखाद्या मागाची खोड सांगावी तसा होता. चौकोनांचं कार्ड आता आईच्या फोटोखाली चिकटवलंय. रोज सकाळी अंघोळीनंतर अण्णा डावा डोळा झाकून त्याच्यासमोर उभे राहतात, फोटोला आणि कार्डाला एकदमच नमस्कार केल्यासारखे, आणि मी पोळ्या लाटता लाटता कान देऊन ऐकते. ताने ठीक, असं म्हणाले की माझा दिवस सुरू होतो.

उन्हाळा असा गेला, पाऊस गेला. हिवाळ्यापासून परवापर्यंत हवेत काही नव्हतं, त्यामुळे करार सोपा होता. दिसलं तर ते डोळ्यातलंच. आता चिलटं आली आणि सगळं अवघड होऊन बसलं.

काल संध्याकाळची गोष्ट. दिवे लागायचे होते, ओट्यावर अजून चांगला उजेड होता. मी वह्या तपासत होते, ऋचा पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती. अण्णांनी विचारलं, 'आहे का?'

मी चष्मा पुसून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यापुढं काही नव्हतं. उठून त्यांच्या खुर्चीमागं गेले, त्यांच्या नजरेच्या रेषेत वाकून बघितलं. समोरची भिंत, तिच्यावर आकाशाचा उरलासुरला उजेड. खोटं सांगायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि माझी जीभ रेटेना. शेवटी म्हटलं, मला नाही दिसत अण्णा.

त्यांनी हात फिरवला नाही. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून तसेच स्थिर बसले, आणि मी त्यांच्या मागं खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. डॉक्टरांकडची पुढची तारीख अजून बारा दिवस लांब होती, उद्याच जावं लागेल, शाळेत कुणाला सांगायचं, असं काहीबाही डोक्यात येत होतं, आणि त्याच्याखाली एकच गोष्ट होती की हाही डोळा जाणार. मला तेव्हा इतकं भ्यायला झालं की आई असती तर बरं झालं असतं असं वाटलं, या वयात.

अण्णांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं. हात हळूहळू खाली नेला, खुर्चीच्या हातापर्यंत, आणि वेतावर कुठंतरी अलगद टेकवला. मग ते बोट वर करून माझ्यासमोर धरलं. बोटाच्या टोकावर काहीतरी करडं होतं, किंवा नव्हतं. मला खात्रीनं सांगता येईना.

भिंग आण, म्हणाले.

मी कपाटातून भिंग आणून त्याची घडी उघडली. ऋचानं न सांगता मोबाइलचा दिवा धरला. मी कागदावर अण्णांचं बोट उताणं टेकवलं, वर भिंग मांडलं आणि डोळा लावला. आधी नुसत्या अण्णांच्या बोटावरच्या रेघा दिसल्या, शेतातल्या तासांसारख्या. मग त्या रेघांत पडलेला एक प्राणी दिसला. पंख मिटलेले, पाय पसरलेले. डोक्यावर दोन पिसं होती.

'आहे,' मी म्हटलं.

'मिशी?'

'दोन्हीकडे. झुपकेदार.'

अण्णांनी बोट पायजम्याला पुसलं आणि चहा टाकायला सांगितलं. मी आत गेले. आधण ठेवून स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून थोडी रडले, ऋचाला दिसणार नाही अशी. मग आलं किसलं, दूध घातलं आणि तीन कप घेऊन बाहेर आले. अण्णांच्या हातात त्यांचा कप दिला आणि माझा घेऊन बसायला वळले, तेवढ्यात त्यांनी कपात बोट घालून एक चिलट बाहेर काढलं आणि चहाचा घोट घेतला. मला ते दिसलंच नव्हतं.